तालीम कोंकणीत, नाटक मराठीत

मंगळवारी अकरा वाजता माझी पीएचडी प्रवेशाची मुलाखत आहे, गोवा विद्यापीठात, ताळगाव पठारावर. आज शुक्रवार. अभ्यास करायचा सोडून हे लिहीत बसलेय, कारण डोक्यात जे साचलंय ते एकदा मराठीत नीट उतरवलं नाही तर तिथे बोलताना परत गुंता होईल असं वाटतंय.

मागच्या वर्षी गोव्याबाहेरच्या एका विद्यापीठात मुलाखत दिली होती. विषय हाच, फोंडा तालुक्यातल्या देवळांत जत्रा-काल्याला गावचेच लोक जी मराठी नाटकं करतात ती. समोर चार जण. पहिल्या दोघांनी विचारलं ते सगळं येत होतं, संशोधन पद्धती काय, आधी कोणी काम केलंय, प्रकरणं किती. मला वाटलं झालंच आता. मग कडेला बसलेल्या एक मॅडम, ज्या तोवर नुसत्या ऐकत होत्या, त्यांनी विचारलं, "तुम्ही घरी कुठली भाषा बोलता?" म्हटलं, बाबांशी मराठी, आईशी कोंकणी. "आणि ही नाटकं करणारे लोक?" म्हटलं, बहुतेक कोंकणी. "मग ते रात्र रात्र जागून मराठीत नाटक का करतात? मला खरंच माहीत नाही, सांगा ना."

मी सुरू झाले. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आलं आणि गोव्यातल्या हिंदूंना मोकळा श्वास मिळाला, मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर, १९१८ ची बलवंत संगीत मंडळी, मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगाव उघडलेल्या मराठी शाळा, महाराष्ट्रात विलीन व्हायचं का ह्यावरचा १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल, कोंकणीला राजभाषा करणारा १९८७ चा कायदा. सगळं बरोबर, तारखांसकट. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे राज्याचं झालं. नाटक करणाऱ्या माणसाचं काय?"

माझ्याकडे काहीच नव्हतं. लहानपणापासून सभामंडपात चटईवर झोपून ती नाटकं बघितलीत, मामा चाळीस वर्षं प्रॉम्प्टिंग करतो, आणि तरी ह्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, कारण तो प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. आपल्याकडे हे असंच असतं, म्हणून. त्या यादीत माझं नाव आलं नाही आणि ते योग्यच होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी नियमांचं थोडक्यात सांगते. २०२४ पासून नेटच्या, म्हणजे यूजीसीच्या पात्रता परीक्षेच्या, निकालात तीन कॅटेगरी असतात, पहिलीत जेआरएफ म्हणजे संशोधनाची फेलोशिप, दुसरीत असिस्टंट प्रोफेसर आणि पीएचडी प्रवेश, तिसरीत फक्त पीएचडी प्रवेश. दुसऱ्या-तिसऱ्या कॅटेगरीवाल्यांना नेटच्या मार्कांना ७० टक्के वजन आणि मुलाखतीला ३० टक्के. मी तिसरीत. तो स्कोअर एकच वर्ष चालतो, म्हणजे मुलाखतीत राहिलात आणि वर्ष उलटलं की परत नेट, परत ते दीडशे प्रश्न. मी परत दिली. शिवाय गाइडकडे जागा हवी, प्रोफेसरना एका वेळी आठ, असोसिएटना सहा, असिस्टंटना चार विद्यार्थी घेता येतात, त्या भरलेल्या असल्या तर तुमचे मार्क कितीही असोत उपयोग नाही. अर्ज करायच्या आधी हे विचारून घ्या, फोन करायला लाजू नका.

तीस टक्के ऐकायला कमी वाटतात पण कॅटेगरी तीनमध्ये सगळ्यांचे नेटचे मार्क जवळजवळच असतात, त्यामुळे खरा निकाल त्या वीस मिनिटांतच लागतो. त्या वीस मिनिटांत काय बघतात हे यूजीसीच्या २०१६ च्या नियमावलीत सरळ लिहिलेलं होतं, उमेदवाराला हे काम जमेल का, ह्या संस्थेत ते नीट करता येईल का, आणि त्यातून ज्ञानात काही नवीन भर पडेल का. मागच्या वर्षी मी फक्त पहिल्याची तयारी केली होती, मला किती येतं हे दाखवायची. तिसऱ्याचा विचारच केला नव्हता आणि त्या मॅडमचा प्रश्न तिसऱ्याचाच होता, हे मला कळायला कितीतरी महिने लागले.

तर ह्या वर्षीची तयारी. सुरुवात परत पुस्तकांनीच झाली कारण तेच येतं. पणजीला पाटोवर संस्कृती भवनात सेंट्रल लायब्ररी आहे, १८३२ साली सुरू झालेली, कदंब स्टँडवर उतरलं की चालत जाता येतं. फोंड्याहून सकाळची बस, बाणस्तारी, जुनं गोवं, पणजी, असं दोन महिने शनिवार-शनिवार केलं. भरपूर टिपणं काढली. आणि एका शनिवारी दुपारी ती टिपणं चाळताना लक्षात आलं की मी परत तेच करतेय, तारखा जमवतेय, आणि त्या मॅडम परत समोर आल्या तर परत गप्पच बसावं लागेल.

त्या रविवारी मामाकडे गेले. मामाला म्हटलं, तुझ्या त्या जुन्या वह्या बघायच्यात. तो म्हणाला माळ्यावर आहेत, वाळवी लागली नसेल तर. आम्ही दोघांनी ट्रंक खाली काढली. वर नाटकांच्या जाहिरातींचे कागद होते, गुलाबी, पिवळे, हिरवे, सगळ्यात जुना १९७४ चा, आणि खाली प्रॉम्प्टिंगच्या वह्या. अकरा वह्या. अख्खं नाटक हाताने उतरवलेलं, भाषणं निळ्या शाईत, पदं लाल शाईत.

आणि समासात पेन्सिलने मामाच्या खुणा. त्या वाचताना माझे हात थांबले. नाटकातला राजा पानभर मराठीत बोलतोय, अगदी अलंकारिक, आणि बाजूला लिहिलंय, "हांगा राव," म्हणजे इथे थांब. खाली "सवकास उलय," सावकाश बोल. राणीच्या विलापाशेजारी "उजवाडांत यो, मागीर रड," उजेडात ये, मग रड. एका ठिकाणी नुसतंच "पेटी." सगळ्या सूचना कोंकणीत. अकराच्या अकरा वह्यांत.

मी मामाला विचारलं, तू हे कोंकणीत का लिहिलंस? त्याला प्रश्नच कळला नाही. म्हणाला, "मागीर कितें मराठींत बरोवपाचें? हें म्हजें न्हय?" म्हणजे मग काय मराठीत लिहायचं, हे माझं नाही का. नाटक मराठीत आहे कारण ते नाटक आहे, आणि खुणा माझ्या आहेत. मग तो तालमीचं सांगायला लागला आणि मी फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं, त्याला विचारून. सव्वा तास बोलला. तालीम पूर्ण कोंकणीत चालते, दिग्दर्शक रागावतो कोंकणीत, नट पाठांतर विसरला की मधल्या जागा कोंकणीत भरतो आणि त्या प्रयोगाच्या दिवशी मराठी होऊन येतात. आणि ज्यांना मराठी वाचायला येत नव्हतं, त्याच्या तरुणपणी असे दोघे-तिघे चांगले नट होते, त्यांना भाषणं ऐकवून ऐकवून पाठ करून घ्यायचे, रात्री शेतावरून आल्यावर, कंदिलाच्या उजेडात. त्यातला एक जण मामाच्या मते गावाने बघितलेला सगळ्यात मोठा खलनायक. त्याला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं.

मी विचारलं, मग एवढा त्रास कशाला, कोंकणीतच का नाही केलं? मामा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला की आरती ज्या भाषेत म्हणतो, कीर्तन ज्या भाषेत ऐकतो, त्या भाषेत देवासमोर उभं राहायची सवय असते. आणि रोजच्या भाषेत तो अमक्याचा मुलगा असतो, नारळ पाडणारा, गाडी चालवणारा, त्या भाषेत सगळे त्याला ओळखतात, मराठी बोलायला लागला की तो राजा होतो. "उतर चुकल्यार देव रागार जायना, पूण लोक हांसतात," असंही म्हणाला. देव रागावत नाही, लोक हसतात. शब्द चुकला की परत तो अमक्याचा मुलगा. म्हणून प्रॉम्प्टर लागतो.

हे मी घरी येऊन तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना रडू आलं, का ते सांगता येणार नाही.

मला वाटलं, मिळालं उत्तर. म्हणून आनंदाने बाईंकडे गेले. बाई म्हणजे आमच्या हायर सेकंडरीच्या मराठीच्या, आता रिटायर झाल्यात, दर बुधवारी संध्याकाळी माझी खोटी मुलाखत घेतात. त्यांची पद्धत अशी की मी दाराबाहेर थांबायचं, बेल वाजवायची, आत येऊन नमस्कार करायचा, खुर्चीत बसायचं, आणि संपेपर्यंत त्या मला ओळखत नाहीत. चहासुद्धा नंतर. त्यांनी तोच प्रश्न विचारला आणि मी मामाचं उत्तर दिलं, आरतीची भाषा, देवासमोरची भाषा वगैरे. बाई म्हणाल्या, "छान. मग ख्रिश्चनांचा तियात्र कोंकणीत कसा?"

तियात्र म्हणजे त्यांचं गाण्यांचं नाटक. म्हटलं, त्यांची प्रार्थना कोंकणीत असते म्हणून. तियात्राची सुरुवात १८९२ ची, तीसुद्धा मुंबईत, तिथे कामाला गेलेल्या गोंयकारांची, म्हणजे देवळा-चर्चच्या अंगणातली नव्हेच, हे मी पुढे जोडलं. बाई म्हणाल्या, "बरं. आणि १६१६ साली राशोलला ख्रिस्तपुराण छापलं ते कुठल्या भाषेत?" मराठीत, ओव्यांत, फादर स्टीफन्सचं, आणि ते चर्चमध्ये म्हटलं जायचं. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी इथले ख्रिश्चनसुद्धा देवासमोर मराठी ऐकत होते. मग माझं उत्तर कुठे राहिलं? "आरतीची भाषा म्हणून नाटकाची भाषा" हे इतकं सरळ नाही. प्रार्थनेची भाषा बदलू शकते, बदललीय, मग नाटकाची का बदलली नाही, की तीही बदलतेय?

मी पुन्हा गप्प झाले पण ह्या वेळचं गप्प बसणं वेगळं होतं, डोकं चालू होतं. बाईंनी थांबू दिलं. मग मी म्हटलं, मला ह्याचं पूर्ण उत्तर आत्ता माहीत नाही, पण ते शोधायचं कसं ते सांगू शकते. ह्या वह्या बघीन, मामाच्याच नाही तर पाच देवळांच्या प्रॉम्प्टरांच्या, समासातल्या खुणांची भाषा कुठल्या साली काय आहे ते बघीन, जाहिरातींवरची भाषा बघीन, तालमी रेकॉर्ड करीन. आमच्या गावच्या काल्यात संकासुर हा राक्षस कोंकणी-मराठी मिसळून बोलतो आणि सगळ्यात जास्त लोक त्यालाच बघायला जागे असतात, तर एकाच रात्री एकाच मंचावर कोण कुठल्या भाषेत बोलतो ह्याचा काहीतरी नियम आहे, तो मला काढायचाय.

बाई पहिल्यांदाच पात्रातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "हे बोल तिथे. बाकीचं सगळं त्यांना आधीच माहीत आहे."

त्यानंतर सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, परत लिहिला. आधी शीर्षकात "गोमंतकातील" होतं, म्हणजे पेडण्यापासून काणकोणपर्यंत सगळं, आता फोंडा तालुका आणि पाच देवळं. पीएचडीला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं, सगळा गोवा त्यात बसत नाही, आणि "हे तुम्ही वेळेत कसं करणार" हा प्रश्न येतोच. फोंडाच का, ह्याचं उत्तरही आता तयार आहे आणि ते माझं आहे. सोळाव्या शतकात जुन्या काबिजादींतून, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या भागातून, देव पळवून आणले ते इथे, मंगेश कुठ्ठाळीहून, म्हाळसा वेर्ण्याहून, शांतादुर्गा केळशीहून, आणि हा भाग पोर्तुगीजांकडे आला १७६३ मध्ये. म्हणजे मधली दोनशे वर्षं हे देव पोर्तुगीज हद्दीच्या बाहेर होते. ह्याचा नाटकांच्या भाषेशी किती संबंध आहे हे मी आत्ता ठामपणे म्हणणार नाही, पण प्रश्न विचारायला ही जागा योग्य आहे.

एका गोष्टीची मात्र अजून भीती वाटते. बाहेरच्या विद्यापीठात त्या मॅडमनी विचारलं ते निव्वळ कुतूहलाने. इथे पठारावर समोर बसलेल्या प्रत्येकाने हा प्रश्न स्वतः जगलेला असणार. मराठी की कोंकणी हा आमच्याकडे अजून जेवणाच्या टेबलावर आवाज चढवणारा विषय आहे, आमच्या घरात तर चढतोच. बाबा मराठी शाळेत मास्तर होते, त्यांच्यासाठी माझ्या विषयाचा अर्थ एकच, बघा, मराठी इथली आहे. आईच्या घरचे सगळे कोंकणीवाले, त्यांना वाटतं पोरीने चांगला विषय वाया घालवला. मला दोघांनाही दुखवायचं नाही आणि गुळमुळीतही बोलायचं नाही. बाईंना विचारलं, पॅनेलमध्ये एका बाजूचे कोणी असतील तर? बाई म्हणाल्या, तू बाजू घ्यायला चाललेली नाहीस, वही दाखवायला चाललीस. वहीत दोन्ही आहेत.

बाकी बारीकसारीक. गेल्या आठवड्यात फोनवर स्वतःचा व्हिडिओ काढला आणि बघताना कळलं की अडचण आली की मी इंग्लिशमध्ये जाते, "बेसिकली, इन अ वे" करत. पाचवीपासून इंग्लिश मीडियम, त्यामुळे अभ्यासाचं बोलायचं म्हटलं की जीभ आपोआप तिकडे वळते. मराठीच्या मुलाखतीत ते नको, म्हणून रोज रात्री अर्धा तास भिंतीशी मराठीत बोलते. संहिता, प्रयोग, क्षेत्रकार्य, हे शब्द वाचताना ओळखीचे असतात पण तोंडात बसायला वेळ लागतो. एक मैत्रीण म्हणाली की वाक्यं पाठ कर, पण तसं करणार नाही, मागच्या वर्षी तेच केलं होतं. फक्त पहिलं वाक्य पक्कं ठेवलंय, बाकी जे येईल ते. आणि "मला माहीत नाही" म्हणायची प्रॅक्टिस केलीय, खरंच, मोठ्याने, कारण ते वाक्य तोंडातून निघायलाच तयार नव्हतं. ते म्हणून तिथेच थांबायचं नाही, पुढे "पण मी असं शोधीन" हे यायला हवं, आणि ते नुसतं म्हणायचं म्हणून नको, खरंच कुठे जाणार, कोणाला भेटणार, काय बघणार ते माहीत पाहिजे.

कागदपत्रं फाईलमध्ये लावून झाली, ओरिजिनल एका बाजूला, झेरॉक्स दुसऱ्या बाजूला. सिनॉप्सिसच्या पाच कॉपी. बस सकाळी साडेसातची पकडणार, लवकर पोचून बाहेर बसलेलं बरं.

काल मामाचा फोन आला. मी त्याला विचारलं होतं, एक वही घेऊन जाऊ का, पॅनेलला दाखवायला, झेरॉक्समध्ये पेन्सिलच्या खुणा दिसतच नाहीत. तो आधी नाही म्हणाला होता, ह्या वह्या कधी घराबाहेर गेल्याच नाहीत, देऊळ सोडून. काल म्हणाला ने, पण कार्तिकाच्या आधी परत पाहिजे, ह्या वर्षी तेच नाटक परत बसवतायत आणि नवीन मुलगा प्रॉम्प्टिंगला बसणार आहे, त्याला मामाच्या खुणांशिवाय जमणार नाही. मग थांबून म्हणाला, "आनी बाय, सवकास उलय."

आज दुपारी जाऊन आणली. पाऊस थांबायचं नाव घेत नाहीये, म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळून दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत घातलीय आणि फाईलच्या सगळ्यात खाली ठेवलीय.